ठकूची उमेदवारी

काटेगडच्या मानाजीराजाला विषाची धास्ती फार, आणि शिधा द्यायची त्याहून जास्त. ताट चाखायला माणूस तर हवा, पण तो फुकट हवा. राजाच्या स्वयंपाकघराचे दारोगा भिकाजीपंत, त्यांनी तोड काढली: उमेदवार ठेवायचा. पाडव्याला ठेवायचा, दसऱ्याला "अजून तयारी कच्ची आहे" म्हणून हाकलायचा, की नवा आणायचा. फुकट मरायला तयार असलेल्यांची रांग कधी तुटते का?

यंदा ठकू होती, खालच्या वाडीतली शेतकऱ्याची पोर. बाप गेलेला, आईने अंथरूण धरलेलं, पाठीवर दोन भावंडं. पक्क्या नोकराच्या घरी सरकारी शिधा जाई. त्या शिध्यासाठी ती रोज राजाच्या आधी घास घेई. ती चाखायची, चाखून उभी आहे हे बघून पंत छाती काढून म्हणायचे, "निर्धोक आहे, सरकार." जीव हिचा, शब्द त्यांचा.

एकदा ठकू आपणच बोलली, "सरकार, आमटी आंबलीय."

पंत खेकसले, "तुला कुणी विचारलं? उमेदवाराचा शब्द दरबारात धरत नाहीत."

राजाने मान डोलावली, आमटी ओरपली आणि दुसरा अख्खा दिवस तांब्या घेऊन पळत राहिला. तरी नियम तोच!

दसरा जवळ आला तशी ठकूने पंतांना गाठलं. "दारोगासाहेब, माझ्या नोकरीचं काय?"

"अगं, नोकरी नोकरी काय करतेस? केवढं शिकायला मिळालं तुला! राजाच्या ताटातलं खाल्लंस. आम्ही तर तुला घरचीच समजतो."

"घरची समजता, तर शिधा घरी धाडा."

झोपाळ्यावर बसलेल्या राजाने हे ऐकलं. "पोरी, जीभ बरी आहे तुझी. मग ऐक. मी जन्मात कुणा नोकराला 'जाऊ नकोस' म्हटलेलं नाही. जुना दिवाण गेला तेव्हासुद्धा पाठ फिरवून बसलो होतो. उद्या मेजवानी आहे. माझ्या तोंडून 'थांब, जाऊ नकोस' एवढं काढून दाखव, त्या क्षणी तू पक्की. नाही निघालं, तर ताट चाखून झालं की वाडीची वाट धर."

पंत एवढे हसले की पागोटं सुटलं.

"चाखून झालं की लगेच जायचं?" ठकूने विचारलं.

"लगेच. उभंसुद्धा राहायचं नाही."

"वाटेत कुणी अडवायचं नाही?"

"माझा हुकूम आहे. कोण अडवतो?"

दुसऱ्या दिवशी राजाचे व्याही जेवायला आले. पंगत बसली. ठकूने भात चाखला, भाजी चाखली, वडे चाखले. शेवटी बासुंदीचा घोट घेतला आणि थबकली. पुन्हा घोट घेतला, जिभेवर घोळवला. बासुंदीकडे बघितलं, पंतांकडे बघितलं, राजाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पदर खोचला, मुजरा केला आणि दाराकडे चालू लागली.

राजाचा हात वाटीपाशीच राहिला. "अगं, काय झालं? बासुंदी बरी आहे ना?"

ठकू चालता चालता म्हणाली, "मला काय विचारता, सरकार? उमेदवाराचा शब्द दरबारात धरत नाहीत."

"पंत!"

"निर्धोक आहे, सरकार," पंत म्हणाले.

"मग घ्या घोटभर."

"सरकार, आज माझा उपास..."

"उपासाला बासुंदी चालते," व्याही म्हणाले आणि त्यांनी स्वतःची वाटी हळूच लांब सरकवली.

पंत मागे मागे सरकत गेले. ते भिंत धरून खाली बसले.

तिकडे ठकू उंबऱ्याशी पोचली. अडवायचा कुणाला हुकूम नव्हता. वाटीत काय आहे ते ठाऊक असलेली एकुलती एक जीभ चालली होती वाडीला. राजा पाटावरून अर्धा उठला. ठकूचा एक पाय बाहेर पडला.

"थांब! थांब गं, जाऊ नकोस!"

ठकू वळली. "कुणाला म्हणालात, सरकार? उमेदवाराला की पक्क्या नोकराला?"

राजाने ओठ चावला. भरल्या पंगतीत गेलेला शब्द, परत कसा घेणार? "पक्कीला. आता तरी बोल बाई, काय आहे बासुंदीत?"

ठकू परत आली, तिने राजाची वाटी उचलली आणि उभ्या उभ्या निम्मी संपवली.

"जायफळ जास्त झालंय. झोप येईल, मरण नाही."

आधी व्याही हसले. मग राजाला जे हसू फुटलं ते आवरेना, डोळ्यांतून पाणी आलं. त्याच पंगतीत त्याने हुकूम सोडला: ठकूच्या घरी आजपासून शिधा, आणि पहिली गाडी आत्ताच्या आत्ता. "आणखी काय हवं ते माग, पोरी."

ठकूने भिंतीकडे बघितलं. "पंतांना माझ्या हाताखाली चाखायला द्या, सरकार. उमेदवार म्हणून. फार शिकायला मिळतं. ते चाखतील, 'निर्धोक आहे' मी सांगत जाईन."