पालथ्या पाटीचे रायाजी पाटील

वाघझरीच्या चावडीवर कौले चढली नव्हती, नुसते गवताचे छप्पर होते, त्या काळची ही गोष्ट. गावचे पाटील रायाजी. त्या मुलखात एक रीत होती. चोरी झाली, की पावलाच्या पहिल्या ठशावर पाटलाने पाटी, म्हणजे वेताची टोपली, पालथी घालावी आणि तेथून माग काढावा. माग ज्या दाराशी पोहोचेल, त्या घराने तो पुढे काढून द्यावा. न जमल्यास जाब द्यावा.

एके सकाळी चावडीच्या ओल्या सारवणात एक लहान मुलगी येऊन उभी राहिली. तिचे नाव यमुनी. आईबाप पटकीत गेलेले; जिथे काम मिळेल, तिथे ती राबे. पाठीवर वळ होते, परकराच्या घड्यांत ज्वारी होती.

"पेवात कोंडतात," एवढेच ती म्हणाली. पेव म्हणजे जमिनीखालचे धान्याचे कोठार. त्यात मोठ्या माणसाचाही जीव गुदमरतो. कोण कोंडतो, हे मात्र ती भीतीने सांगेना.

"नाव सांगत नाही, तर फिर्याद कसली?" पाटलांच्या हाताखालचे चौगुले म्हणाले. "पोरासोरांचं काय मनावर घेता, पाटील! आज रडतील, उद्या हसतील."

फिर्याद घेतली नाही, तर ही मुलगी सांजेला पुन्हा त्याच पेवात जाणार, हे रायाजींनी ओळखले.

"चौगुले, मागं तुमची शेळी गेली. तिनं चोराचं नाव सांगितलं होतं काय?"

चावडीत हसू फुटले आणि लगेच विरले.

रायाजींनी सारवणात उमटलेल्या यमुनीच्या पावलाच्या ठशावर पाटी पालथी घातली. असे म्हणतात, की तत्क्षणी वावटळ उठली. चावडीचे छप्पर उडाले, पाटी हलली नाही. वाटेवर सांडलेले ज्वारीचे दाणेही जागचे ढळले नाहीत. एकाही पाखराने त्यांना चोच लावली नाही.

त्या दाण्यांचा माग गेला तो थेट पाटलांच्या मळ्यात, धाकटा भाऊ मानाजी याच्या दारी.

"दादा, घरची गोष्ट आहे. घरातच मिटवू," मानाजी म्हणाला.

म्हातारी आई उंबऱ्यात आडवी झाली. "रायबा, पाठचा भाऊ आहे रे तुझा!"

रायाजी म्हणाले, "आई, माग आपल्या दारात आलाय. तू तो पुढं काढून दे, मी माघारी जातो."

म्हातारीने वाटेकडे पाहिले. पुढे दाणा नव्हता. ती उंबऱ्यातून बाजूला झाली.

भावाचा न्याय भावाने करू नये, म्हणून रायाजींनी मानाजीला स्वतः परगण्याच्या ठाण्यात हजर केले. यमुनीला आपल्या घरी ठेवून घेतले. मानाजीला शासन होईपर्यंत त्यांनी डोईला पागोटे बांधले नाही.

पुढे गावच्या मल्लांनी पाटी उचलू पाहिली, ती उचलेना. यमुनीने एका हाताने उचलली. ऊन न लागलेल्या त्या ठशात ज्वारीचे हिरवे कोंब उभे होते, असे म्हणतात.

आजही वाघझरीत लेकराच्या छळाची कुणकुण लागली, की पोलीस पाटील चावडीपुढे पाटी पालथी घालतात आणि तडक ठाण्याची वाट धरतात. कुणाचे घर आहे, हे विचारायचे नाही. चौकशी पुरी होईपर्यंत गावात दुसरी कसलीही बैठक भरत नाही. आणि ती पाटी उचलण्याचा मान पाटलाचा नाही, सरपंचाचाही नाही. तो त्या लेकराचा.