काल्विरोलाच्या महालाचं छत

काल्विरोला हे इटलीतल्या डोंगरात वसलेलं जुनं दगडी गाव. वेशीतून बाहेर पडून ऑलिव्हच्या बागांमधून वर चढत गेलं, की समोरच्या टेकाडावर एक भलंथोरलं दालन उभं दिसतं. कमानी सुबक, खिडक्या उंच, चौकटींवर दगडात कोरलेली डाळिंबं. आत मात्र फरशीऐवजी गवत, आणि वर छताऐवजी नुसतं आभाळ. प्रवासाच्या पुस्तकांत या जागेचं नाव सापडत नाही. गावकरी तिला 'ला स्कोपेर्ता' म्हणतात, म्हणजे उघडी.

चिपळूणचे अरविंद आणि सुलभा खांबेटे आपल्या मुलीकडे, गार्गीकडे, इटलीत आले होते, तेव्हा ते तिघं ही जागा बघायला गेले. दालनात अमेदेओ नावाचे एक म्हातारे गवत कापत होते. गावाने या जागेची देखभाल त्यांच्यावर सोपवलेली आहे. अरविंदरावांनी मान वर करून विचारलं, "हे छत कधी कोसळलं?" गार्गीने तो प्रश्न आजोबांना त्यांच्या भाषेत विचारला.

"कोसळलं नाही," आजोबा म्हणाले. "इथे कधी घातलंच नाही. छत खाली गावात आहे."

एवढं बोलून त्यांनी विळा बाजूला ठेवला, खिडकीच्या कट्ट्यावर बैठक मारली आणि सांगायला सुरुवात केली. गार्गी आईवडिलांना मराठीत सांगत गेली.

पाचशे वर्षांपूर्वी, असं सांगतात, या खोऱ्याचा धनी गाल्वानो नावाचा सरदार होता. तरुणपणी तो शहरात राहिला होता आणि तिथे नव्या तऱ्हेच्या इमारती उभ्या राहताना त्याने पाहिल्या होत्या. आपल्या डोंगरातही तसं एक दालन असावं, हा त्याचा ध्यास. बायको लवकर गेलेली. इसोत्ता ही एकुलती एक मुलगी. भिंती उभ्या राहिल्या, कमानी जुळल्या, छताच्या पहिल्या तुळईवर सरदाराने स्वतः नमुन्याचं डाळिंब काढलं, आणि तो आजारी पडला. पुन्हा काही उठला नाही.

शेवटच्या दिवशी त्याने मुलीचा हात हातात घेतला. "तुझं लग्न माझ्या छताखाली लागू दे," तो म्हणाला. "दुसरीकडे कुठे नको." इसोत्ताने तसा शब्द दिला.

मग काम तिने हाती घेतलं. चेस्टनटच्या लाकडाच्या बाकीच्या लांबच लांब तुळया सुतारांनी तासल्या, रंगाऱ्यांनी त्यांच्यावर लाल डाळिंबं रंगवली. कौलं भाजून अंगणात रचून झाली. नदीपलीकडच्या गढीतल्या लापोशी तिचं लग्न ठरलं होतं. तो उंच, हसरा, आणि बांधकामातलं काही कळत नसताना रोज काम बघायला येणारा. सुतार त्याला मुद्दाम भिंतीची सरळ रेघ बघायचा ओळंबा धरायला लावत, आणि तो त्याच्या हातात नुसताच झुलत राहिला की इसोत्ता तोंड फिरवून हसत असे. वसंतात छत चढवायचं आणि त्याच आठवड्यात लग्न लावायचं, असं ठरलं होतं.

पण त्याआधी, शरद ऋतूतल्या एका दुपारी, जमीन हलली.

त्या दिवशी सगळा गाव, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट, चेस्टनट वेचायला रानात गेला होता. त्यामुळे माणूस एकही दगावला नाही. देवाची करणी, असंच अजून म्हणतात. पण संध्याकाळी टोपल्या घेऊन लोक परतले, तेव्हा भिंती जागेवर होत्या आणि घरांची छपरं तुळया मोडून घरात पडलेली होती. टेकाडावरच्या जाड नव्या भिंतींना तडासुद्धा गेला नव्हता. लोक चादरी आणि घोंगड्या बांधून त्या बिनछताच्या दालनात राहायला आले. बर्फ पडायला थोडेच दिवस उरले होते. घाटाचा रस्ता खचलेला, आणि रानातलं ओलं लाकूड छपराच्या कामाचं नाही.

वाळलेलं, तयार लाकूड एकाच ठिकाणी होतं.

इसोत्ता अंगणात तुळयांच्या राशीभोवती बराच वेळ फिरत राहिली. एका तुळईवर वडिलांनी स्वतः डाळिंब काढलं होतं, जरा ओबडधोबड. तिने त्यावर हात ठेवला. वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. दालनात बीचे भटारीण उघड्यावर चूल मांडून पाव भाजत होती, आणि धुराने खोकणारी लेकरं तिला बिलगून बसली होती. तेही इसोत्ताला दिसत होतं.

सकाळी तिने सुतारांच्या मुकादमाला, रेंझोला, बोलावलं. "तुळया गावात न्या. बीचेच्या घरापासून सुरुवात करा."

"आणि महाल?" रेंझोने विचारलं.

"महालाला थंडी वाजत नाही," इसोत्ता म्हणाली.

तुळया दालनाच्या मापाच्या, घरं लहान. बीचेच्या घरावर चढवलेली पहिली तुळई भिंतीबाहेर हातभर गल्लीत आली. रेंझोने करवत उचलली, तशी बीचे शिडीवर चढली आणि तिने त्याचा हात धरला. "कापू नको रे. बाईंना परत द्यायच्या आहेत." दुसऱ्या घरी तेच झालं, तिसऱ्या घरीही. एकाही घराने तुळई कापू दिली नाही. बर्फ आला, तेव्हा साऱ्या गावाच्या डोक्यावर डाळिंबांचं छत होतं.

हिवाळा सरला. वाटा मोकळ्या झाल्या तसा लापो आला. इसोत्ताने त्याला दालनात नेलं आणि वर बोट दाखवलं.

"वडिलांना दिलेला शब्द मला आता पाळता येणार नाही. नवं छत व्हायला कित्येक वर्षं जातील. दुसरीकडे लग्न लावून घ्यायचं, तर माझं मन धजत नाही. तुम्ही मोकळे आहात."

"मी थांबेन," लापो म्हणाला.

"म्हातारे व्हाल."

"मग म्हातारा होऊन लग्न करीन."

हे बोलणं गावात पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि गावातून खडखडाट ऐकू येऊ लागला. इसोत्ता धावत खाली उतरली, मागोमाग मुक्कामाला राहिलेला लापो. बघते तर घराघरावर माणसं चढलेली, कौलं उतरवून गल्लीत रचत होती. बीचे शिडीच्या टोकावर, पदर कमरेला खोचावा तसा झगा खोचून.

"खाली उतरा आधी," इसोत्ता म्हणाली. "काय चाललंय हे?"

"तुमचं छत तुम्हाला देतोय," बीचे म्हणाली. "उन्हाळा आलाच आहे. आम्ही उघड्यावर झोपू. तुमचं लग्न होऊ दे, पुढचं पुढे बघू."

"दिलेली वस्तू मी परत घेणार नाही."

"आणि आम्ही ती ठेवणार नाही."

दोघीही हटायला तयार नव्हत्या. त्या गल्लीत मग बरीच वादावादी झाली म्हणे. इसोत्ताला रडूही येत होतं आणि रागही येत होता. शेवटी फोस्को नावाचे पाद्रीबाबा, जे तोवर स्वतःच्याच छपरावर चढून कौलं काढत होते, वरूनच म्हणाले, "पोरी, तुझे वडील नेमकं काय म्हणाले होते?"

"माझ्या छताखाली लग्न लागू दे, असं."

"ते छत टेकाडावरच असलं पाहिजे, असं म्हणाले होते का?"

इसोत्ताने वर तुळयांकडे पाहिलं. मग बीचे हसायला लागली. हसता हसता शिडी उतरून खाली आली आणि तिने आपलं दार सताड उघडलं. "चला, माझ्या घरात लग्न लावू. वर छत सरदारांचंच आहे."

"नुसतं तुझ्याच घरात का?" शेजारीण म्हणाली. "छताचा तुकडा माझ्याकडेही आहे."

"माझ्याकडेही," पलीकडून कुणी म्हणालं. मग प्रत्येक दारातून तेच ऐकू येऊ लागलं.

इसोत्ताने लापोकडे पाहिलं. तो आधीच बीचेच्या उंबऱ्यात उभा होता, आणि घाईत त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं होतं.

पाद्रीबाबांनी लग्नाच्या प्रार्थनेचं पहिलं वाक्य बीचेच्या स्वयंपाकघरात म्हटलं, दुसरं शेजारणीकडे, तिसरं त्यापुढच्या घरात. नवरानवरी पुढच्या दाराने आत जायची, मागच्या दाराने बाहेर पडायची. ज्या घरात जे असेल त्याचा एक घास नवरीच्या तोंडात पडायचा. कुठे मध, कुठे चीज, कुठे नुसता पाव मिठाशी. एका घरात तिला वडिलांनी काढलेलं ते ओबडधोबड डाळिंब दिसलं. तिथे ती जरा थांबली, आणि मागची सगळी वरात मुकाट्याने थांबली. शेवटचं वाक्य गावातल्या शेवटच्या घरात झालं, आणि लग्न लागलं. सगळ्यांना एकत्र जेवायला पुरेल असं घर गावात नव्हतं, म्हणून पंगत बसली ती टेकाडावरच्या उघड्या दालनात.

पुढे दिवस पालटले. लापोने नवं छत घालायचं मनावर घेतलं, तर इसोत्ता नको म्हणाली. "दुसरं छत घातलं, तर आपलं लग्न कोणत्या छताखाली झालं म्हणायचं?" तो विषय तिथेच संपला.

आजही काल्विरोलाच्या गल्ल्यांमध्ये डोक्यावर तुळयांची टोकं बाहेर आलेली दिसतात. बायका त्यांना लसणीच्या माळा अडकवतात. आजही गावातली नवरी गावातल्या प्रत्येक घरातून फिरते आणि घास घेते. काही घरं आता बंद असतात, पण लग्नाच्या दिवशी शेजारी ती उघडतात आणि ताटली मांडून ठेवतात.

सांगणं संपवून अमेदेओ आजोबांनी विळा उचलला आणि विचारलं, "तुम्ही उतरला आहात कुठे?"

"कारंज्याजवळ, हिरव्या दाराच्या घरात," गार्गी म्हणाली.

"मग शनिवारी घास तयार ठेवा. नोएमीचं लग्न आहे."

सुलभाताई गडबडल्या. "पण आम्ही तर परके."

गार्गीने ते सांगितलं तेव्हा आजोबांना त्यात अडचण कळलीच नाही. "छताखाली झोपताय ना?" ते म्हणाले.

शनिवारी सकाळी सुलभाताईंनी गावच्या दुकानातून जाड रवा आणला आणि लोण्याचं तूप कढवून शिरा केला. वेलची त्यांच्या पिशवीत होतीच. हिरवं दार उघडं टाकून त्या वाट बघत उभ्या राहिल्या. पांढऱ्या झग्यातली नोएमी आत आली, मागोमाग नवरा, आणि त्यांच्यामागे दारात न मावणारा गाव. सुलभाताईंनी चमचाभर शिरा तिच्या तोंडात घातला.

नोएमीने डोळे मिटले. रिवाज एकाच घासाचा. तिने डोळे उघडले, मागे वळून लोकांना काहीतरी सांगितलं आणि पुन्हा तोंड पुढे केलं. गल्लीत हशा पिकला.

"काय म्हणाली ती?" सुलभाताईंनी विचारलं.

"म्हणाली, थांबा जरा, हे छत मोठं आहे, इथे दोन घास लागतील," गार्गी म्हणाली.

दुसरा घास घेऊन नोएमी मागच्या दाराने शेजारच्या घरात गेली. तिच्यामागे वरात निघाली, आणि वरातीत शिऱ्याचं पातेलं हातात घेऊन सुलभाताईही निघाल्या.