समोरच्या घराचा चिंचोका

"महाराज, नवपुऱ्यात काल मतदान झालं. मडक्यांच्या तळाशी दोनच चिंचोके निघाले!" दिवाणजी चाचरत म्हणाले.

मल्हारसेन राजा ताडकन उठला. "दोनच? कुणाचे?"

"एक या उमेदवाराचा, एक त्या उमेदवाराचा. त्यांच्या बायकासुद्धा आल्या नाहीत!"

नवपुरा म्हणजे वेशीबाहेरची नवी वस्ती. समोरासमोर घरं, प्रत्येक घराला ऐसपैस ओटा. वस्तीचा कारभारी लोकांनीच निवडावा, असं राजानं ठरवलं होतं. उमेदवार दोन: एक म्हणे आधी दिवे लावीन, दुसरा म्हणे आधी विहीर खणीन. ज्यांना आधी रस्त्यावर दिवे हवेत त्यांनी चिंचोका लाल मडक्यात टाकायचा. ज्यांना आधी विहीर हवी त्यांनी काळ्या मडक्यात. ओट्यांवर तर महिनाभर नुसता कल्ला! दिवेवाला इकडून ओरडायचा, विहीरवाला तिकडून. भांडता भांडता आमट्या करपल्या, पोरांच्या मुंजी लांबल्या. आणि मतदानाच्या दिवशी? एकाचं पोट बिघडलेलं, दुसऱ्याच्या डोक्याला तेल लावलेलं. तिसरा म्हणे, माझ्या एका चिंचोक्यानं काय होणार!

"महाराज, आपलाही बागवाडा तिथंच आहे. आपणही काल..." दिवाणजी पुटपुटले.

"मी राजा आहे! मला कामं असतात! दोष त्या दवंडीवाल्या सटवाचा. त्यानं दवंडी नीट पिटली नाही. काढून घ्या त्याचा डफ आणि घाला त्याला राज्याबाहेर!"

सटवाचं घरही नवपुऱ्यातच. दुसऱ्याच मिनिटाला त्याची बायको गोजरा दरबारात हजर. कडेवर तान्ही पोर, पदर घामानं भिजलेला.

"महाराज, बाहेर ऊन मी म्हणतंय. लेकरू अजून अंगावर पितंय. एवढ्याशा जिवाला घेऊन आम्ही जायचं कुठं? माझा धनी घसा बसेस्तोवर ओरडला. लोकांनी ऐकलंही. आले नाहीत, एवढंच."

"मग तूच आण त्यांना!" राजा चिडून म्हणाला. "उद्या पुन्हा मतदान. सगळा नवपुरा आला पाहिजे. पण दंडाची धमकी द्यायची नाही, लाडू वाटायचे नाहीत, कुणाचं दार वाजवायचं नाही. आणि 'या हो' म्हणून विनवायचंही नाही! जमलं नाही तर सूर्य मावळायच्या आत राज्याबाहेर!"

दरबार हसला. गोजरानं पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"विनवायचं कशाला, महाराज? मी तर म्हणते, ज्याला यायचं नाही त्यानं खुशाल घरी बसावं. फक्त दवंडीत एक सवलत घालू द्या."

"सवलत?"

"नवपुऱ्यात शेजारधर्म आहे. कुणी गावाला गेलं की त्याच्या तुळशीला पाणी समोरचं घर घालतं, गाईला चारा समोरचं घर टाकतं. तसंच हेही. जो येणार नाही, त्याचा चिंचोका समोरच्या घरानं टाकावा."

राजा खो खो हसला. "अगं वेडे, मग तर कुणीच यायचं नाही! दिली सवलत!"

संध्याकाळी सटवानं दवंडी पिटली. "ऐका हो ऐका! कुणी तसदी घेऊ नये! तुमचा चिंचोका समोरचे टाकतील हो!"

ओट्यांवरचे सगळे डोळे एकदम समोरच्या ओट्यांकडे वळले.

पहाटे दिवाणजी मडकी घेऊन पोचतात तो काय! रांग पार मारुतीच्या देवळापर्यंत! पोट बिघडलेला हातात तांब्या घेऊन उभा. तेलवाल्याच्या मानेवरून तेल ओघळतंय. एका आजोबांना तर बाजेसकट उचलून आणलेलं, आणि बाजेवरूनच ते ओरडत होते, "तो समोरचा विहीरवाला आला का रे? माझं मत त्याच्या हाती? मेलो तरी नाही!"

मत टाकलं की नखावर बिब्ब्याचा ठिपका लागायचा. ठिपका लागला तरी माणसं हलेनात. समोरच्यानं काही गडबड करू नये म्हणून पाळतीवर बसली!

एवढ्यात रांगेच्या शेवटी धापा टाकत कुणीतरी येऊन उभं राहिलं. पायात एकच जोडा, फेटा अर्धा सुटलेला. गोजरानं निरखून पाहिलं.

"अगंबाई, महाराज! आपण? आपल्याला तर कामं असतात!"

राजानं इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माझ्या बागवाड्यासमोर कोण राहतं, माहीत आहे ना? माझे मेहुणे! पक्के विहीरवाले! मी दिवेवाला. माझा चिंचोका त्यांच्या हातात जाऊ देऊ?"

"पण गोजरा," त्यानं विचारलं, "समोरासमोरची घरं एकमेकांच्या विरुद्धच असणार, हे तुला कसं ठाऊक?"

"महाराज, दोघांचं एकच मत असतं, तर ओट्यावर बसून रोज संध्याकाळी बोलले काय असते?"

राजाला हसू आवरेना. सुटलेला फेटा पुरताच खाली आला. "शाबास! सटवाला नवा डफ, तुला पैठणी, पोरीला चांदीचे वाळे! आत्ताच घेऊन जा!"

"मागाहून नेते, महाराज!" गोजरा घाईघाईनं म्हणाली. "आधी मला जरा पुढं घ्या. ती बघा आमच्या समोरची कोंडाई. नखाला ठिपका लागला तरी घरी जात नाही. माझा चिंचोका मागत बसलीय मघापासून!"

राजा पुन्हा हसत सुटला, आणि हसत हसतच आपली रांगेतली जागा तिला देऊन मागं सरकला.