दहा पावलं मागे

“म्हणजे मी त्यांच्यापेक्षा कमी आहे, असंच ना?”

शार्दूल घाडीने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा तांडेलबाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा घड्या घालत होत्या. आता घड्याही संपल्या होत्या.

“चहा घेणार?” बाईंनी विचारलं.

“बाई, मी काहीतरी विचारतोय.”

“मी पण.”

शार्दूलच्या डाव्या भुवईवर सात टाके होते. दोन्ही कोपरं सोललेली. अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत तो मावत नव्हता, आणि उठायचंही त्याच्या जिवावर आलं होतं.

सिडनीच्या पश्चिमेला, मुलाच्या घरामागचं हे अंगण म्हणजे बाईंचं राज्य. वय अठ्ठ्याहत्तर. उजवा गुडघा कामातून गेलेला. पण एके काळी नायगावात दोन पिढ्यांना त्यांनी कबड्डी शिकवली होती, आणि त्यांच्यासमोर मान वर करून बोलायची टाप कुणाची नव्हती. शार्दूलचा बाप वासू घाडी त्यांचाच चेला. पुढे तो यॉर्कशायरला बस चालवायला गेला आणि तिथलाच झाला. शार्दूल जन्मला तिथे. मराठी मात्र बापाकडून नायगावची शिकला, तीही तीस वर्षांपूर्वीची.

तिथे तो रग्बी लीग खेळायचा. तेरा-तेरा गड्यांचा खेळ. चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसायचं. यॉर्कशायरच्या त्याच्या गावात लोकांनी त्याला खांद्यावर घेतला होता. मग सिडनीच्या एका क्लबाने बोलावलं. तिथे पहिल्या संघात सहा सामने मिळाले, आणि सातव्याला त्याचं नाव दुसऱ्या संघाच्या यादीत लागलं.

त्याला पाच आठवडे झाले होते.

बापाला हे ठाऊक नव्हतं. खांदा दुखावलाय, विश्रांती देताहेत, असं शार्दूलने सांगून ठेवलं होतं. वासू आता परवा विमानात बसणार होता. पोराला ऑस्ट्रेलियात खेळताना बघायला, आयुष्यात पहिल्यांदा.

दर सोमवारी संध्याकाळी पाचला वासू बाईंना फोन करायचा. आज सोमवार होता, आणि साडेचार वाजून गेले होते.

“तुम्ही त्याला सांगा,” शार्दूल म्हणाला. “तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. सांगा, की इथे इंग्लंडच्या पोरांना वर येऊच देत नाहीत.”

“देत नाहीत?”

“आम्ही तिघं आलो होतो या क्लबात. एक मे महिन्यातच परत गेला. दुसरा आता राखीव बाकावर बसतो. पेपरवाले तर टपूनच असतात. इंग्रजांना इथला वेग झेपत नाही, म्हणे.”

“झेपतो?”

शार्दूलने खिशातून फोन काढला. त्यावर आकडे होते. खेळताना पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, बनियनमध्ये एक डबी शिवलेली असते. गडी किती पळाला, किती जोरात पळाला, ते सगळं तिला कळतं.

“हे बघा. शेवटच्या मॅचमध्ये चेंडू घेऊन दीडशे मीटर पुढे गेलो. पकडी अडतीस. पहिल्या संघात माझ्या जागी घेतलेल्या पोरापेक्षा जास्त. मी हेच आकडे कागदावर छापून कोचसमोर ठेवले.”

“मग?”

“त्याने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती दाखवली आणि निघून गेला.”

बाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं.

“शहाणा दिसतो.”

“कोण, मी?”

“तो रे.”

शार्दूलने फोन उपडा ठेवला. तो चिडला होता, पण त्याच्या चिडण्यातही आता जोर राहिला नव्हता. “इथे हवा वेगळी आहे, बाई. मैदान कडक. पंच आमच्या बाजूने शिट्टी वाजवत नाहीत.”

“आमची नायगावची पोरं हरयाणात खेळायला जायची. परत आली की अशीच तोंडं. हवा, पाणी आणि पंच. हे तिघं कुणालाही कुठेही हरवतात.”

“तुम्ही पण माझ्याच मागे लागलात.”

“मी दोनदा आले होते तुझी मॅच बघायला. मुलाने तिकिटं काढली. सगळे चेंडूकडे बघत होते, मी तुझ्याकडे.” बाईंनी पदर खोचला. “तुमचा खेळ मला पुन्हा सांग. सावकाश.”

शार्दूलने उसासा टाकला आणि सांगितलं. एका बाजूकडे चेंडू. त्यांना सहा वेळा पकडून पाडायचं. सहाव्यानंतर चेंडू आपला. प्रत्येक पकडीनंतर पडलेला गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, पुन्हा खेळ सुरू.

“आणि पकडणारे?”

“ते दहा मीटर मागे जातात. तसा नियम आहे.”

“कशाला?”

“समोरच्याला पळायला जागा हवी ना.”

“शत्रूला जागा करून द्यायची?”

“हो.”

“प्रत्येक वेळी?”

“प्रत्येक वेळी. ऐंशी मिनिटं.”

“आणि चेंडू हातात आला की तो पुढच्याकडे फेकायचा?”

“नाही. हाताने चेंडू फक्त मागेच देता येतो.”

बाई हसल्या. दात थोडेच होते, पण हसणं भरपूर होतं. “साहेबाने डोकं लावलंय रे या खेळात. मला वाटलं होतं, नुसतीच मारामारी.”

मग हसू गेलं.

“पुढे दीडशे मीटर गेलास. मागे किती गेलास?”

“मागे...?” शार्दूल गोंधळला. “मागे जाणं कोण मोजतं, बाई?”

काठी टेकत बाई उठल्या, आपली खुर्ची अंगणाच्या मधोमध ओढली आणि तीत बसल्या. समोर लाकडी कुंपण होतं. दहा पावलांवर.

“ये इकडे. आडवा पड.”

“काय?”

“गवतावर. आडवा पड, ऊठ, दहा पावलं मागे जा. तोंड माझ्याकडे. मग पुढे ये, माझ्या हाताला हात लाव. पुन्हा आडवा.”

“बाई, मी शनिवारी मॅच खेळलोय. अंग ठणकतंय माझं.”

“मग तर उत्तम.”

त्याला हसू आलं. यॉर्कशायरला पावसात, चिखलात, दोन-दोन तास तालमी केलेला गडी तो. म्हातारीच्या अंगणात दहा पावलं म्हणजे काय?

तो आडवा पडला, उठला, मागे गेला, पुढे आला. बाईंच्या तळहाताला हात लावला. तळहात खरखरीत आणि कोमट होता.

पुन्हा.

पुन्हा.

बाईंनी मोठ्याने एकही आकडा म्हटला नाही. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला, थोड्या वेळाने बंद केला. ऑगस्टचं ऊन उतरणीला लागलं होतं. कुंपणाची सावली गवतावर लांबत चालली होती.

घाम आला. मग श्वास वर आला. मग मांड्या दगडासारख्या झाल्या. पुढे येताना काही वाटत नव्हतं. पुढे बाईंचा हात होता. मागे जाताना मात्र समोर काहीच जिंकायचं नव्हतं. नुसतं जायचं. कुणी टाळ्या वाजवणार नाही अशा दिशेला.

तो आडवा पडला आणि या वेळी लगेच उठला नाही. गवत गार होतं. एक श्वास घेतला. मग अर्धा.

“उठतोय,” तो म्हणाला. बाईंनी काही म्हटलं नव्हतं.

तो उठला. वळला. कुंपणाकडे चालू लागला, हात कमरेवर ठेवून, डोळे मिटून. सहा पावलं. सात.

पाठीवर काहीतरी टेकलं.

दोन खांद्यांच्या मधोमध. खरखरीत आणि कोमट.

शार्दूल जागीच थिजला.

“बाद,” मागून बाई म्हणाल्या.

त्याने वळून बघितलं. खुर्ची तिकडे रिकामी होती. काठी खुर्चीलाच टेकलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एका गुडघ्याची, काठीशिवाय सात पावलं त्याच्यामागे आली होती, आणि त्याला चाहूल लागली नव्हती. बाई धापा टाकत होत्या. ओठ पांढरे पडले होते.

“मी दमलो होतो, बाई.”

“मी पण.”

...

त्याने त्यांना हाताला धरून खुर्चीत आणून बसवलं. स्वतः गवतावर बसला.

“मॅचमध्ये पण असंच करतो मी?” त्याने विचारलं.

“पाडलेल्या माणसावर पडून राहतोस. उठतोस उशिरा, आणि उठलास की पाठ फिरवून चालतोस.”

“यॉर्कशायरला आमच्या क्लबात सगळेच तसं करायचे. कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.”

“तिथे तुझ्या पाठीमागे येणारं कुणी नव्हतं.”

शार्दूलने गवताची दोन पाती उपटली आणि टाकून दिली.

फोन वाजला.

पाच वाजले होते. बाईंनी फोन उचलला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. कान कमी झाले होते, म्हणून त्या नेहमीच तसं करायच्या.

“बाई, नमस्कार करतो,” वासूचा आवाज आला. मागे किटलीची शिट्टी ऐकू येत होती, यॉर्कशायरला सकाळ होती. “बॅग भरून झाली. तुमच्यासाठी गुडघ्याचा पट्टा घेतलाय, इथला चांगला असतो. पोरगं येतं का तुमच्याकडे?”

“समोरच बसलंय.”

शार्दूलने मान हलवली. नाही, नाही. मग दोन्ही हात जोडले.

“खांदा बरा आहे का त्याचा? मला नीट सांगतच नाही काही.” वासू थांबला. आवाज खाली आला. “बाई, तुमच्याशी खोटं कशाला बोलू? मला त्याच्या खांद्याचं काही वाटत नाही. एवढंच सांगा... पोरगं त्यांच्या तोडीचं आहे का?”

बाईंनी शार्दूलकडे बघितलं. शार्दूल जमिनीकडे बघत होता.

“तिसापर्यंत आहे,” बाई म्हणाल्या. “एकतिसाव्याला पाठ फिरवली.”

शार्दूलने झटकन मान वर केली.

किटलीची शिट्टी बंद झाली. आणि मग वासू घाडी, साठीचा बस ड्रायव्हर, खुदकन हसला.

“मला तर तुम्ही बाविसालाच बाद करायचात.”

“अठराला. उगाच फुगवून सांगू नकोस.”

“अठराला,” वासूने कबूल केलं. “मैदानातून घरी रडत गेलो होतो.”

“घे, बोल याच्याशी.” बाईंनी फोन पुढे केला.

शार्दूलने फोन हातात घेतला. तो वजनाला एवढासा, पण त्याला दोन्ही हात लावावे लागले.

“बाबा.”

“बोल बाळा.”

“खांदा ठीक आहे. खांद्याला काही झालंच नव्हतं. मी दुसऱ्या संघात आहे. पाच आठवडे झाले.”

...

“बाबा?”

“आहे रे, आहे.” वासूने नाक ओढलं. “त्या दुसऱ्या संघाची मॅच किती वाजता असते?”

“शनिवारी. दुपारी बाराला. पण ते लहान मैदान आहे बाबा, तिथे कुणी नसतं बघायला.”

“मग बसायला चांगली जागा मिळेल,” वासू म्हणाला. “ठेवतो. बस सुटायची वेळ झाली.”

फोन बंद झाला.

शार्दूलने बाहीने तोंड पुसलं. ते करताना भुवईचा टाका ओढला गेला आणि त्याने दात आवळले. इंग्रज, ऑस्ट्रेलियन, पहिला संघ, दुसरा संघ... आल्यापासून जे काय डोक्यात भणभणत होतं, ते आता भणभणायचंही थकलं होतं. तरी एक प्रश्न राहिला होता. तो विचारायची त्याला लाज वाटत होती, पण लाज वाटण्याइतकी ताकदही उरली नव्हती.

“बाई, एकतिसाव्याला काय करायचं असतं?”

बाईंनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग तोच हात त्याच्यापुढे धरला, तळवा उघडा.

“एक,” त्या म्हणाल्या.