दीड मोठा की तीन?

"सही मिळणार नाही! शिक्काही मिळणार नाही!" राजेसाहेबांनी शिक्का डबीत टाकला आणि डबीवर पालथा पंजा ठेवला.

समोर अंबू उभी होती. अंबू म्हणजे अंबिका लोहार. तिचे वडील राजेसाहेबांच्या घोड्यांना नाल ठोकायचे. हरणगडचं संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण ही बातमी राजेसाहेबांनी काही मनावर घेतली नव्हती. जुन्या पागेत आता आंतरराष्ट्रीय शाळा भरायची, राजेसाहेब तिचे अध्यक्ष होते, आणि शाळेचा प्रत्येक कागद त्यांच्या दरबारातूनच पुढे जायचा. त्याच शाळेत अंबू शिष्यवृत्तीवर शिकली. गणित आणि भौतिकशास्त्र वरच्या पातळीचं घेतलं, दोन भाषा घेतल्या, कारण शाळेचा आंतरराष्ट्रीय डिप्लोमा जर्मनीत चालायचा तर विषय असेच लागतात. तिला तिथं यंत्रांचं शिक्षण घ्यायचं होतं. निकाल लागला. पंचेचाळिसापैकी एकोणचाळीस! आता निकालाची शिक्कामोर्तब केलेली प्रत पंधरा जुलैच्या आत तिकडे पोचायला हवी होती. आज सहा तारीख.

"पण राजेसाहेब, माझं चुकलं काय?"

"एकोणचाळीस मिळवलेस, हे चुकलं! आमच्या नातीला, नंदिताराजेंना, तीस मिळाले. हरणगडात राजघराण्यापेक्षा मोठा आकडा आजवर कुणाच्या नावापुढे लागलेला नाही. गेल्या साली जत्रेत एकाचा भोपळा आमच्या भोपळ्याहून दोन किलोनं भरला. काय केलं आम्ही, दिवाणजी?"

"कापला, सरकार," दिवाणजी म्हणाले. "आणि भाजी केली."

"मग माझे गुण कापणार?" अंबूनं विचारलं.

"छे! आम्ही अन्याय करत नाही." राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "तूच तुझा आकडा नंदिताराजेंच्या आकड्याखाली आण. मात्र तुझा एक गुण कमी करायचा नाही, त्यांचा एक वाढवायचा नाही. खाडाखोड नाही, फेरपरीक्षा नाही. आकडा खरा हवा. उद्या दुपारपर्यंत आणलास, तर या हातानं शिक्का मारीन!"

दरबार खो खो हसला. अंबू मुजरा करून बाहेर पडली, आणि पायऱ्यांवर आल्यावर मात्र तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं रात्रंदिवस घासलं, ते एका भोपळ्याच्या न्यायानं पाण्यात?

पायऱ्यांवर नंदिताराजे वाटच पाहत होत्या. दोघी एकाच बाकावर बसायच्या. सगळं ऐकून नंदिताराजेंनी कपाळाला हात लावला.

"आबासाहेब पण ना! माझे तीस मला पुरेत गं. हा घे माझाही निकाल. काही कर, पण त्यांची जिरव!"

घरी येऊन अंबू भात्याशेजारी बसली आणि जर्मनीचा अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागली. तिसऱ्या पानावर ती थबकली. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि इतक्या जोरात हसली की वडिलांचा घाव नालेऐवजी ऐरणीवर पडला.

"काय गं? वेड लागलं का?"

"बाबा, उद्या धुतलेला सदरा घाला. दरबारात यायचंय!"

दुसऱ्या दिवशी दरबार ठासून भरला. अंबूनं दोन्ही निकाल राजेसाहेबांपुढे ठेवले.

"राजेसाहेब, अर्ज कुठे जायचाय?"

"जर्मनीला."

"मग आकडा कुठला धरायचा?"

"जर्मनीचाच! जसा देश तसा वेश."

"सगळ्यांनी ऐकलं ना? दिवाणजी, तुमचं गणित पक्कं. तुम्हीच करा. आपल्या डिप्लोम्याचे गुण तिकडच्या पद्धतीनं मांडताना बेचाळीस हे वरचं टोक आणि चोवीस हे खालचं, मधलं अंतर अठरा. बेचाळिसातून माझे एकोणचाळीस वजा करा."

"तीन."

"तिनानं गुणा."

"नऊ."

"अठरानं भागा."

"अर्धा."

"त्यात एक मिळवा."

"दीड!"

"आता नंदिताराजेंचे तीस घ्या."

दिवाणजींचे ओठ हलले. "बारा... छत्तीस... भागिले अठरा, दोन... अधिक एक... सरकार, तीन!"

"तीन!" राजेसाहेब गादीवरून उठलेच. "हिचे दीड, आमच्या नातीचे तीन! दुप्पट! वाजवा रे चौघडा!"

चौघडा वाजला. नंदिताराजे ओढणीत तोंड खुपसून हसत होत्या. ते पाहून राजेसाहेबांना शंका आली.

"थांबवा! पोरी, खरं सांग. जर्मनीत पहिला नंबर कितीवाल्याचा?"

अंबूच्या वडिलांनी डोळे मिटून घेतले. शिक्का अजून डबीतच होता. पण अंबू खोटं बोलली नाही.

"एकवाल्याचा, राजेसाहेब. तिकडे एक म्हणजे उत्तम, आणि चारच्या पुढे नापास."

"म्हणजे तूच पुढे!"

"हो."

"आणि आकडा?"

"तो आमच्या राजकन्येचाच मोठा!" अंबूनं हात जोडले. "आपण आकडा खाली आणायला सांगितलात, तो आणला. अक्कलही खाली आणायची होती, हे आपण बोलला नव्हतात!"

राजेसाहेबांची मिशी थरथरली. मग पोट थरथरलं. आणि मग ते असे गदगदून हसले की डोक्यावरचा मंदिल घरंगळून दिवाणजींच्या मांडीत पडला.

"अरे, हिला जर्मनीला धाडा लवकर! इथं राहिली तर माझी गादीसुद्धा भागून, गुणून घेऊन जाईल!"

त्यांनी डबी उघडली आणि एका प्रतीची गरज असताना सहा प्रतींवर धाडधाड शिक्के मारले. मग आतून आपला लोकरीचा जाडजूड कोट मागवला, विलायतेच्या थंडीसाठी शिवलेला, आणि स्वतः तिच्या खांद्यांवर घातला. कोट तिच्या घोट्यांपर्यंत आला. तसाच तो सावरत, हातात पाकीट उंच धरून, घामानं निथळत अंबू भर दुपारी टपाल कचेरीकडे पळत सुटली.