संबळवाल्याचा हात

“पण त्याला विचारायचं तरी काय, बाबा?”

भार्गव फणकारला. काशीहून वैद्यकी शिकून नुकताच मठात आला होता. ज्ञान नुसतं उतू जात होतं.

समोर लिंबाजी गोंधळी बसला होता. उजव्या तळहातावरची जखम भरायचं नाव घेत नव्हती, उलट पसरत होती.

“हात कोपराखालून कापला तर जगेल, नाहीतर मरेल. यात विचारायचं काय?”

औषधं तोलणाऱ्या अचलबाबांनी तराजू भार्गवच्या हातात दिला आणि एका पारड्यात वजन टाकलं.

“हे तुझं ज्ञान. खरं आहे, जडही आहे. आता तोल.”

“कशाशी? दुसरं पारडं रिकामं आहे.”

“मग विचार त्याला.”

भार्गव नाइलाजाने वळला. “बोला, काय म्हणणं आहे तुमचं?”

“तुमी म्हणाल तसं, महाराज. आमाला काय कळतंय?”

“बघा!” भार्गव खुलला.

बाबा लिंबाजीजवळ जाऊन जमिनीवर बसले, नुसतेच. त्यांचं ते बसणं काय सांगावं! मुका माणूस बोलता व्हायचा.

...

“लेकीला संबळ शिकवतोय,” लिंबाजी हळूच म्हणाला. “माझ्यामागं तीच. निम्मंच शिकवून झालंय. नवरात्रापातुर हात ऱ्हायला, तर पुरं हुईल.”

भार्गवने तराजू खाली ठेवला. मग तोही खाली बसला.

“थांबलो तर रोग वर चढू शकतो. मग खांद्यापासून कापावा लागेल. कदाचित जीवही जाईल. हे मी लपवणार नाही.”

“कुठवर थांबता यील?”

भार्गवने मनगटावर बोट ठेवलं. लिंबाजीने सोबत आणलेल्या संबळाच्या दोरीतला एक धागा काढून दिला. भार्गवने तो तिथे बांधला.

“जखम या धाग्याला शिवली, की त्याच दिवशी कापायचा. नवरात्र असो नसो.”

“कबूल. त्या दिशी मीच यीन.”

लेप लावणं सुरू झालं. दर मंगळवारी दोघं मिळून धागा बघायचे.

अष्टमीला देवळात संबळ घुमत होता, तेव्हा लिंबाजी मठात आला. जखम धाग्याच्या अलीकडेच होती.

“लेक वाजवतीया,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते. त्याने हात पुढे केला. “घ्या आता.”

...

हात धुऊन भार्गव बाहेर आला. लिंबाजी आत शांत झोपला होता.

“बाबा, निर्णय शेवटी कुणाचा झाला? माझा की त्याचा?”

बाबांनी तराजू उचलून त्याच्यापुढे धरला.

“सांग बरं... यातलं तोलतं ते पारडं कुठलं?”