घरून धुतलेले पाय

वसईकडच्या एका गावात पवित्र गुरुवारी फादर बारा गावकऱ्यांचे पाय धुतात, जसे प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे धुतले होते. त्या संध्याकाळी खाडीवरचं धुकं पाहुण्यासारखं चर्चमध्ये शिरलं होतं आणि मेणबत्त्या त्यात तरंगत होत्या.

बारावा माणूस आजारी पडला, म्हणून एक खुर्ची रिकामी होती. दारात प्यायला पाणी मागायला आलेल्या, मिठागरात राबणाऱ्या धाकल्या नावाच्या मजुराला चर्चची झाडलोट करणाऱ्या सांतानबायने हाताला धरून तिथे बसवलं. त्याच्या पायांवर चिखल नि मीठ वाळलं होतं.

शेजारच्या खुर्चीतले गावप्रमुख बस्त्यावशेट कडाडले, "काय गं हे, बाय? आम्ही अकरा जण बघ, साबणाने पाय घासून आलोय. याला आधी बाहेर काढ!"

धाकल्या उठू लागला. सांतानबायने त्याचा खांदा दाबला.

"शेट, तुमचे पाय तर घरीच धुऊन झालेत. मग फादरनी धुवायचं काय? ज्याचे धुवायचे राहिलेत असा हा एकटाच आलाय."

फादरनी धाकल्यापुढे गुडघे टेकले. परातीतलं पाणी गढूळ होत गेलं, तसे बस्त्यावशेटांनी आपले चकचकीत पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.